चिठ्ठीत निघालेली बाजू

प्रिय दादा,

तुला जाऊन अजून वर्षही झालं नाही आणि मी तुला पत्र लिहायला बसलोय. ते कुठल्या पत्त्यावर टाकायचं, ठाऊक नाही. पण आज चावडीत तुझं नाव निघालं. साक्षीला तू हवा होतास, आणि तू नव्हतास. घरी आल्यापासून जेवण गेलेलं नाही. वहिनीला सांगावं तर ती रडत बसेल. मग कुणाशी बोलू?

युसूफला धरून नेलं, दादा. आपला पिंजाऱ्याचा युसूफ. गावातल्या निम्म्या गाद्यांचा कापूस त्याच्या बापानं पिंजला, त्या घरातला. रझाकारांना सामील होता असा आळ आहे. आणि पुरावा कुठला, तर आपल्या वाचनालयातला वादविवाद.

मला आधी हसू आलं होतं. मग बघितलं, तर दुसरं कुणीच हसत नव्हतं.

तो वादविवाद तुझंच वेड. हैदराबादेत वकिली शिकून आलास ते हे घेऊनच. विलायतेच्या पार्लमेंटात जसं एक बाजू सरकारची आणि एक विरोधाची, तसं वालुरात करायचं म्हणे! पण ‘सरकार पक्ष हरला’ असं कुणी बाहेर बोललं तर फौजदार अमीनसाहेब आपल्यालाच ठाण्यात बसवील, म्हणून तू बाजूंना पूर्वेची आणि पश्चिमेची अशी नावं दिलीस. ठरावाच्या बाजूचा पूर्वेला बसायचा, विरोधातला पश्चिमेला. अमीनसाहेबाला त्यात काही खोट काढता आली नाही.

बाजू कुणी निवडायची नाही, हा तुझा नियम. तुझ्या काळ्या टोपीत दोन चिठ्ठ्या पडायच्या आणि हाताला लागेल ती मांडायची. पटो न पटो. लोकांना हे कधी कळलं का रे? आपण पाच-सहा जण सोडले तर उरलेलं गाव भजन ऐकायला यावं तसं यायचं, आणि ज्याच्या तोंडून जे निघेल ते त्याच्या मनातलं समजायचं.

आणि तुझे ते जोडे! निकाल द्यायला बसण्याआधी तू म्हणायचास, माझं स्वतःचं मत मी जोड्यांसोबत दाराबाहेर काढून आलोय. मग मागून कुणीतरी हमखास ओरडायचं, “वकीलसाहेबाचे जोडे सांभाळा रे, त्यात मत हाय!” तूही हसायचास. हसायचे दिवस होते ते.

शेवटचा ठराव आठवतो? गावच्या शाळेत मुलांना मराठीतून शिकवावं. मी टोपीत आधी हात घातला. मला पूर्वेची चिठ्ठी आली, ठरावाच्या बाजूची. युसूफला उरलेली, सरकारी उर्दूची. त्याचा चेहरा उतरला. तुझ्याजवळ येऊन म्हणाला, “दादा, अदलाबदल करता का? आमच्या अम्मीला उर्दूचं एक अक्षर वाचता येत न्हाई. मी कोणत्या तोंडानं बोलू?” तू म्हणालास, “चिठ्ठी निघाली ती निघाली. न पटणारं मांडून बघ, तवाच कळतंय आपल्याला काय पटतंय ते.”

का नाही बदललीस, दादा? काय बिघडलं असतं?

मी त्या दिवशी मायबोलीच्या नावानं गर्जना केल्या. टाळ्यांनी पत्रे हलले. युसूफ मात्र खालच्या आवाजात एकेक मुद्दा घेत गेला. मराठीत शिकलेल्या मुलाला कचेरीत, कोर्टात आज कोण विचारतं? मराठी पुस्तकं कोण छापणार, मास्तर कुठून आणणार? माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी पुन्हा गर्जना केली, पुन्हा टाळ्या घेतल्या.

तू उठलास आणि पश्चिमेची बाजू जिंकली म्हणालास.

गणपत पाटील पुढच्याच रांगेत होते. “वकीलसाहेब, सोताच्या भावाला पाडलं? अन् तेबी मराठीच्या ठरावाला?”

तू शांतपणे म्हणालास, “पाटील, मराठी न्हाई पडली. माधव पडला. खरं काय हाय ते देवाला ठाऊक. मी एवढंच बघतो की कोणत्या मुद्द्याला उत्तर मिळालं अन् कोणता तसाच राहिला. बिनउत्तराचा मुद्दा उभा राहतो.”

घरी मी तुझ्याशी बोललो नाही. गाव तर कितीतरी दिवस बोललं नाही. दुसऱ्या दिवशी अमीनसाहेब गोड हसत आला, वालूरच्या लोकांना उर्दूच हवी असं लिहून दे म्हणाला. तू म्हणालास, मी भाषणाचा निकाल दिला, शाळेचा नाही. त्यानं वाचनालयाला कुलूप घातलं. गावानं तुला सरकारचा माणूस ठरवलं आणि सरकारनं गावाचा. पक्षकार दुसऱ्या वकिलाकडं गेले. खरा न्याय करून तुझ्या पदरात काय पडलं, सांग ना?

पुढं रझाकारांच्या भीतीनं आपण पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात पळालो, आणि तिथल्या निर्वासितांच्या छावणीत तापानं तू गेलास. इकडं आपली गाय युसूफनं सांभाळली. परत आलो तेव्हा ती आपल्याच दावणीला होती, धुतलेली, हिरवा चारा पुढ्यात. तो नुसता म्हणाला, “दादा आले न्हाईत?” मी मान हलवली. तो ओट्यावर बसून राहिला.

आज चावडीबाहेर जोड्यांची रास होती. मतं मात्र सगळ्यांनी आत आणली होती.

हैदराबाद पडल्यावर फौजेमागून आलेला नवा अंमलदार परमुलखातला. त्याला गावातलं काय ठाऊक? पाटलांनी सांगितलं, “ह्यो भरसभेत उर्दूची बाजू घेऊन बोलला व्हता. समद्या गावानं आयकलंय.” मी उठून चिठ्ठीचं सांगितलं, टोपीचं सांगितलं. पाटील म्हणाले, “चिठ्ठी निघाली म्हून काय झालं? मनात असल्याबिगर एवढं चांगलं तोंडातून निघतंय व्हय?”

गाईचं सांगितलं. मागून आवाज आला, “घरावर डोळा असंल.”

मग अंमलदारानं मला विचारलं, “जीता कौन?”

मी काय सांगणार? युसूफ, म्हणालो.

“और फैसला किसने दिया?”

“माझ्या भावानं.”

तो पाटलांकडं बघून म्हणाला, मग हा मनापासून बोलला, हे याच्या भावानंच मान्य केलंय की. आणि सगळे हसले. दादा, तुझ्या निकालानंच त्याला बांधलं रे. युसूफ माझ्याकडं बघत होता. रागानं नव्हे. चिठ्ठी बदलता का विचारताना बघितलं होतं, तसंच.

त्याला परभणीला नेलं. तिथून पुढं कुणाचं काय होतं, कुणी सांगत नाही. त्याची अम्मी आपल्या ओसरीवर बसून आहे. पाणीसुद्धा घेईना.

तेव्हापासून एकच प्रश्न पोखरतोय. तू त्या दिवशी खोटा निकाल दिला असतास, मलाच जिंकवलं असतंस, तर आज युसूफ घरी असता का? आणि माझा हात टोपीत दुसऱ्या चिठ्ठीवर पडला असता, तर? मग तो मराठीचा वाघ आणि मी? मला कुणी धरलं नसतं, हेही मला ठाऊक आहे. माझं नाव माधव आहे ना.

तुझ्यावर रागवायला बसलो होतो. पण कितीही फिरवून बघितलं तरी तो निकाल चुकीचा म्हणता येत नाही. मीच हरलो होतो. मग बरोबर निकालाचं असं का होतं?

मला आशा नाही, दादा. खोटं कशाला सांगू? अंमलदार ऐकणार नाही, गाव तर मुळीच नाही. पण उद्या पहाटे अम्मीला घेऊन मी परभणीला निघतो. जो भेटेल त्याला चिठ्ठीचं सांगेन. हाकललं तर पुन्हा जाईन. तुला शब्द देतो, युसूफवरचा आळ मी बिनउत्तराचा राहू देणार नाही. निकाल काय लागायचा तो लागो.

तुझा हरलेला भाऊ,
माधव