एका मुलीचे दोन बाप्तिस्मे

प्रिय मिरियम हिला,

हेस्टरचा सप्रेम नमस्कार, वि. वि. तुझे गुडघे काय म्हणतात? माझे प्रार्थनेला एकदा टेकले की परत उठायला राजी नसतात. (नव्या पाळकांना वाटतं, म्हातारीची भक्ती वाढली.)

पत्रास कारण, आपल्या बर्मंडसीच्या मिशनमधली लिल प्रुएट. आपल्या सूपमध्ये वाटाणा शोधायला चष्मा मागायची, तीच. लिल तर गेली, पण तिच्या डॉलीचं आता लग्न आहे. चर्चमध्ये तीन रविवार नावं पुकारायची, म्हणून पाळकांनी बाप्तिस्म्याचा दाखला मागितला, तर पोरीने आईच्या बिस्किटांच्या डब्यातून दोन काढून दिले. डॉली हे नुसतं लाडाचं नाव; एकावर मिरियम प्रुएट, बर्मंडसी, ईस्टर. दुसऱ्यावर हेस्टर प्रुएट, केंट, त्याच सालचा सप्टेंबर. पाळक घामाघूम झाले. बाप्तिस्मा माणसाचा एकदाच, दुसरा धरायचा नाही, हे मी वस्तीत घसा फोडून सांगत आले, आणि दुसऱ्याला बाळ घेऊन मीच उभी होते!

तू तेव्हा गालगुंडाने घरी पडली होतीस. मी नुकतीच रुजू झालेली. अख्खी गल्ली बिअरमध्ये घालायची हॉप्सची फुलं तोडायला केंटच्या मळ्यात गेली आणि मागोमाग मी, चहाची गाडी ढकलत. (काय दिवस होते गं ते! हात काळे, चहा त्याहून काळा.) लिल म्हणाली, पोरीचा बाप्तिस्मा राहिलाय, सिस्टरबाई, नाव तुमचंच द्या. मी अशी फुगले की विचारू नकोस. जिचं नाव तिची शाल, या मिशनच्या रिवाजाप्रमाणे बाळाला शालही दिली. पुढे ईस्टरचा पहिला बाप्तिस्मा कळला तेव्हा म्हटलं, दुसरी शाल गहाण टाकायला बाईने देवालाही फसवलं. तेवीस वर्षं हा किस्सा मी चहाबरोबर वाढत आले.

काल डॉली दोन्ही शाली घेऊन आली. गरम किटलीसुद्धा गहाण टाकणाऱ्या लिलने त्या कधी टाकल्या नव्हत्या. मग दुसरा बाप्तिस्मा कशाला गं केला, मी विचारलं. तर म्हणते, "आई म्हणायची, गल्लीत मिरियमबाईंच्या नावाच्या सहा पोरी आहेत. या लांब नाकाच्या नव्या बाईच्या नावाची एकही नाही. एक असू दे बिचारीला."

मिरियम, मला फार रडू आलं. लिलची माफी मागायची राहून गेली.

असो. नियमाने पहिला बाप्तिस्मा खरा, तेव्हा रविवारी तुझंच नाव पुकारतील. माझी काही तक्रार नाही.

तुझी,
हेस्टर

ता. क. केंटच्या चर्चच्या वहीतली माझ्या नावाची नोंद रद्द करून तिच्यावर रेघ मारायला पाळक तिकडे लिहिणार आहेत. तिकडचे पाळक लहानपणी तुझ्याच रविवारच्या शाळेत शिकलेले. त्यांना म्हणावं, घाई नको. मी सत्तरीची आहे, थोडं थांबा.

दुसरा ता. क. तुझ्या शालीला तीन ठिकाणी रफू आहे. माझी कोरी आहे, डॉलीने ती आपल्या बाळासाठी ठेवलीय. आधी लग्न, मग बाळ, असं मी बजावलं, तर नुसती हसली. मुलगी झाली तर नाव काय ठेवणार, हे विचारायचा मला धीर झाला नाही. तू लग्नाला येशील, तेव्हा तूच विचार ना.