कळवलंय

सोमवार, ४ मार्च

माझी नवी नोकरी काय, तर इस्पितळात रुग्णाची माहिती एका विभागातून दुसऱ्या विभागात कशी पोचते, ते बघत उभं राहायचं. साहेबांची तंबी — "फक्त बघायचं. मध्ये बोललात की लोक शहाण्यासारखे वागायला लागतात." आज सगळ्यात जास्त ऐकलेला शब्द: कळवलंय. कुणी? कुणाला? विचारायची सोय नाही.

बुधवार, ६ मार्च

आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं. आमच्याच इस्पितळात आणली. तिला पेनिसिलिन चालत नाही, घसा सुजतो, श्वास कोंडतो — अपघात विभागात पुन्हापुन्हा सांगितलं. त्यांनी लगेच मनगटावर लाल पट्टी बांधली. ती दिसली की नर्स विचारल्याशिवाय सुई टोचत नाहीत. जिवात जीव आला.

गुरुवार, ७ मार्च

उद्या ऑपरेशन. आई शेजारच्या खाटेवरच्या बाईंना माझ्याबद्दल थापा मारतेय — "लेक इथली मोठी साहेब आहे!"

शुक्रवार, ८ मार्च

ऑपरेशन नीट झालं. पण पट्टी नाही! भूल देणाऱ्यांना सुई लावायला नेमकं तेच मनगट हवं होतं. पट्टी कापली, दुसरी बांधायची राहिली.

नर्स म्हणाली, "डॉक्टरांना कळवते." डॉक्टर म्हणाले, "औषध विभागाला कळवतो." औषध विभाग म्हणाला, वॉर्डाकडून आलं पाहिजे. नवी पट्टी वॉर्डात नसते, ती अपघात विभागातच. आणि तिथं? "पेशंट आता आमच्याकडे नाही." खालीवर करून पायांचे तुकडे पडले. भाऊ फोनवर वैतागला, "तू तिथलीच ना गं?" तिथलीच. म्हणून तर रडू येतंय.

शनिवार, ९ मार्च

साहेबांनी बैठकीला बसवलं. विषय — विभागांमधला समन्वय. मी वर तक्ते दाखवत होते, तेव्हा खाली वॉर्डात आईला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं.

रविवार, १० मार्च

अतिदक्षता विभाग. आईच्या घशात नळी. मी काचेतून बघतेय. बघत उभं राहायचं, तेवढंच जमतं मला.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ॲलर्जीचं कुणाला सांगितलं होतं?" सगळ्यांना, म्हटलं. इंजेक्शन देणारी ती वॉर्डातली नर्स समोर आली तर झिंज्या उपटीन तिच्या!

बुधवार, १३ मार्च

नळी काढली. आईचा आवाज बसलाय, कान तोंडाशी न्यावा लागला.

"त्या पोरीला रागावू नकोस हं. तिनं विचारलं होतं सुई टोचायच्या आधी — आजी, कुठलं औषध चालत नाही का? मीच म्हटलं, माझ्या लेकीनं सगळं कळवलंय."