हिरवा टॅग आणि बारा मिनिटं

९ जानेवारी, सेलू

पाचलाच जाग. तिकडे आखातात, सोहारच्या घड्याळात साडेतीन. या वेळेला कामगारांच्या कँपात बाथरूमपुढे रांग लागते, चारला बस. इथे रांग नाही, तरी बादली धरून दारात उभा राहिलो. आई म्हणाली, "कोनाची वाट पाहून राह्यला? जा नं आंघोळीले."

दोन वर्षांनी घर. २ फेब्रु.ला परत. तोवर शांत पडून राहायचं ठरवलं होतं, पण दुपारीच कंपनीच्या थॉमस साहेबांचा मेल. दोन कागद. एक नवं कंत्राट, आणखी दोन वर्षांचं, या वेळी सुपरवायझर म्हणून. दुसरा, अपघाताबद्दलचा माझा जबाब, त्यांनीच लिहिलेला. दोन्हींवर सही करून २७ पर्यंत पाठवायचे.

कंत्राट तीनदा वाचलं. जबाब उघडला आणि बंद केला.

११ जाने.

जबाब वाचला. पाच ओळी. "मी मचाण क्र. १४ ची पूर्ण पाहणी करून हिरवा टॅग लावला. त्यानंतर कामगार बीरबहादूर याने फळी स्वतःहून काढली."

दुसरं वाक्य मला माहीत नाही. पहिलं खोटं आहे.

इथे तरी नीट लिहून ठेवतो. माझं काम मचाणं, म्हणजे पाइप-फळ्यांच्या परांच्या, तपासणं. वर चढायचं, प्रत्येक फळीला लाथ मारून पाहायची, क्लँप ओढून पाहायचे, मगच सही करून टॅग लटकवायचा. हिरवा असेल तर माणूस वर जातो. लाल असेल तर कोणाच्या बापाची हिंमत नाही.

आणि काम सुरू होण्याआधीचं सुरक्षेचं भाषणही माझ्याकडेच. इतर लोक कागद वाचून दहा मिनिटांत मोकळे होतात. मी बोलायचो. सव्वाशे माणसं, बिहारची, नेपाळची, तेलंगणाची, पहाटेच्या अंधारात हेल्मेट घालून उभी, आणि मी हिंदीत. शेजारच्या कंपनीचे फोरमन ऐकायला यायचे. अपघाताच्या दिवशी विषय घेतला होता, आपला जीव कोणाच्या मालकीचा. कंत्राटी माणसाला कायदा विसरतो, मालक विसरतो, म्हणून त्याने स्वतःला विसरू नये. असं बरंच. बारा मिनिटं जास्त बोललो. टाळ्या पडल्या. १४ नंबरखाली पाइपवाले खोळंबले होते, फोरमन घड्याळ दाखवत होता.

मी खालून वर पाहिलं. टॅग लावला.

बीरबहादूर दुसऱ्या टप्प्यावरून पडला. कमरेचं हाड मोडलं. माझ्या खोलीतला, माझ्या खालच्या पलंगावरचा. टाळ्या वाजवणाऱ्यांत तोही होता.

१४ जाने., संक्रांत

दिवसभर तिळगूळ आणि एकच प्रश्न, कधी आला, कधी जातं. उत्तरं पाठ झाली.

दुपारी फोनवर बीरबहादूरचा व्हॉइस मेसेज. हॉस्पिटलातून कँपात आणलाय. "भाईजी, ये लोग बोल रहे हैं मैंने पटरा हटाया. मुझे याद नहीं. हटाया ही होगा, नहीं तो गिरता कैसे? आपने तो देख के ही टॅग लगाया था." मग हसला. "माँ की वो काली चटनी लाना, अलसी वाली."

काळी चटणी म्हणजे आईची जवसाची. मागच्या खेपेला अर्धा डबा त्यानेच संपवला.

त्याला दोष लागला तर भरपाई नाही आणि परत घेणं नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही. माझ्यावर त्याचा जितका विश्वास, तितका स्वतःच्या आठवणीवर नाही. फोन खिशात घातला. हायवेपर्यंत चालत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. पानठेल्यावाला म्हणाला, "काही हरवलं काय भाऊ?"

१७ जाने.

शाळेचे हेडमास्तर घरी. २६ जाने.ला झेंडावंदनानंतर भाषण करा. विषय, परदेशातले अनुभव. "दहा मिनिटं फक्त. पोरं थंडीत उभी राह्यतात." त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणालो. मग स्वतःचाच राग आला.

समोरच्या खोलीत वक्तृत्वाच्या ढाली. आई अजून पुसते. त्यातली मोठी ढाल ज्या भाषणाची, त्यात मी म्हणालो होतो की अन्याय करणाऱ्यापेक्षा गप्प बसणारा मोठा गुन्हेगार. वय वर्षे वीस. वाचनालयातली निम्मी पुस्तकं पोटात, अनुभव शून्य, आणि खात्री डोंगराएवढी. वाक्य अजूनही खरं वाटतं. त्यामुळेच ती ढाल उलटी करून ठेवली.

आईने संध्याकाळी सुलटी केली.

२० जाने.

बाबांना सांगितलं. सगळं. ते एस.टी.त एकोणतीस वर्षं कंडक्टर. ऐकताना कणसाचे दाणे सोलत होते, हात थांबला नाही.

"म्हंजे तू वर गेलता की नाई?"

"नाही."

"मंग इतकं काय सांगून राह्यला? नाई गेलतो, एवढंच आहे."

मी म्हणालो, सही नाही केली तर कंत्राट जाईल, तपासनिसाचं सर्टिफिकेटही रद्द होईल. फोरमन घाई करत होता. चाळीस मचाणं आणि तपासणारा मी एकटा, ही व्यवस्थाच माणसं पाडायला उभी केलेली आहे. हे काही खोटं नाही, बाबा.

"व्यवस्था खराबच असन. मायी बी होती. पन मांगचं दार पाह्यल्याबिगर म्या घंटी नाई देल्ली. डायवर शिव्या दे, पब्लिक शिव्या दे." मग दाणे गोळा करत, "एकदा देल्ली. अमरावती रोडले. बाईचा पदर अडकलता. वाचली ते."

हे मला तीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा कळलं. पुढे विचारलं तर उठून गेले.

२५ जाने.

शाळेच्या मैदानात स्टेज उभं होत होतं. डेकोरेशनवाले गजाननभाऊ. पाइप, फळ्या, वर लाल मॅटिंग. मला राहवलं नाही. चढलो. एकेका फळीला लाथ.

"काऊन बे, तुया सोहारची रिफायनरी हाय काय थे?"

"भाऊ, ही फळी बांधली नाही."

"मास्तर उभा राह्यते तिच्यावर. त्याचं वजन किती! घे सुतळी, बांध तूच. लय शिकून आला."

बांधली. चारही कोपरे पुन्हा पाहिले. हे तपासायला पंधरा मिनिटं लागली. पंधराच.

उद्या १४ नंबरची गोष्ट सांगायची. स्वतःचं नाव न लपवता. ठरलं.

२६ जाने.

नाही सांगितली.

सुरुवात तीच केली होती. "एका सकाळी मी एक चूक केली," एवढं म्हणालो. मैदान गप्प झालं, आणि ती शांतता मला ओळखीची वाटली. अशी शांतता हातात आली की मला पुढचं आपोआप सुचतं. वाळवंट, पहाट, सव्वाशे हेल्मेटं, घामाची किंमत. चूक कुठल्या कुठे राहिली. मोहरून बोललो. दहाची बावीस मिनिटं झाली. पहिल्या रांगेतली एक पोरगी चक्कर येऊन बसली, तिला मास्तरणीने पाणी पाजलं, तेही मी बोलता बोलता पाहिलं.

पुन्हा बारा मिनिटं.

टाळ्या भरपूर. खाली उतरलो तर गजाननभाऊ हात धरून म्हणाले, "माया लहान्या पोराचं पासपोर्ट काढतो आता. तू सांगतलं तं मंग काय पाह्यचं? तुयावर भरोसा हाय."

मी हसून हात सोडवला.

घरी बाबा एवढंच म्हणाले, "आवाज अजून खणखणीत आहे तुया." जेवलो नाही.

२७ जाने.

सकाळी सहाला बसलो. त्यांचा जबाब बाजूला ठेवला. माझा लिहिला:

"मचाण क्र. १४ चा टॅग मी लावला. लावण्याआधी वर चढलो नव्हतो. फळी बांधलेली होती की नाही, मी पाहिलं नाही. बीरबहादूरने ती काढली, असं मी म्हणू शकत नाही."

पाचवी ओळ लिहिली होती, चाळीस मचाणं आणि एक माणूस, याबद्दल. चांगली झाली होती. खोडली. ते भांडण करायचं आहे, पण वेगळ्या कागदावर.

नऊला मेल. त्याची प्रत बीरबहादूरला, आणि सोबत व्हॉइस मेसेज, हिंदीतून, "तूने हटाया, ऐसा मत मान. मैंने देखा ही नहीं था." तीन सेकंद. माझं आजवरचं सर्वांत छोटं भाषण.

अकरा वाजता त्याने ऐकल्याची खूण दिसली. उत्तर नाही. साहेबांकडूनही नाही. कंत्राटाचा कागद बिनसहीचा, टेबलावर.

मग १४ नंबरची गोष्ट सांगायला गजाननभाऊंकडे गेलो. ते वायगावला लग्नाचा मांडव घालायला गेले आहेत. उद्या येतात.

आई दुपारी जवस भाजत होती. "डब्बे किती भरू?"

"दोन. एक बीरबहादूरचा."

"बाबा म्हनत होते का तुयं जानं पक्कं नाई म्हून."

"नाही पक्कं."

"मंग?"

"भर."