विमानातली एक जागा

प्रिय चिंगे,

हे पत्र हातानं लिहितोय. लिहून झालं की पानांचे फोटो काढून पाठवीन. जहाजाच्या टपालावर सोडलं तर तुझ्या हातात पडेपर्यंत महिनाअखेर उलटून गेलेली असेल, आणि तोवर उशीर झालेला असेल. फोनवर बोललो असतो, पण इथला फोन जेवणघराच्या दाराशी आहे आणि तिथे कुणी ना कुणी कप हातात घेऊन रेंगाळत असतंच. शिवाय फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? "बाबा, जेवलास का, थंडी किती आहे," यातच आपली वेळ संपते.

आधी इथली हालहवाल. पेंग्विनांच्या वसाहतीत अंडी पडली आहेत. वसाहतीतून समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर मी बसवलेला वजनकाटा मध्यंतरी रुसला होता. कुंपण असं घातलंय की पक्ष्याला काट्यावरून गेल्याशिवाय गत्यंतर नाही. पण हे शहाणे दोघं-दोघं एकदम चढतात, आणि चार किलोच्या जागी यंत्र आठ-नऊ किलोचा पेंग्विन नोंदवतं. पक्ष्यांचा अभ्यास करणारे आमचे डॉक्टर म्हणाले, "मास्तर, असा एक खरोखर सापडला तर माझं नाव होईल." मी वाट दोन बोटं अरुंद केली. दोनच. तीन केली असती तर जाडे अडकले असते. तुझी आई याला किडे करणं म्हणते.

त्या वाटेवर उभं राहिलं की त्यांचा संसार कळतो. अंडी घालून मादी समुद्रावर जाते, नर उपाशी बसून राहतो. ती खाऊनपिऊन परतली की तो उठतो. परवा एका घरट्यातली मादी वेळेत परतली नाही. नर बसला, बसला, आणि सकाळी उठून सरळ समुद्राकडे चालू लागला. काट्यावर त्याचं वजन पाहिलं. इतका हलका पक्षी या मोसमात दुसरा नव्हता. स्कुआ नावाचे तपकिरी दरोडेखोर पक्षी टपलेलेच होते, त्यांनी अंडी फोडली. आणि दुपारी मादी आली. अंगावर पाणी चमकत होतं. रिकाम्या दगडांपाशी उभी राहून मान वर करून हाका मारत राहिली. आमचा इथला नियम एकच: मोजायचं, मधे पडायचं नाही. अंडं उचलायचं नाही, स्कुआला हुसकायचं नाही. नवी माणसं पहिल्यांदा रडकुंडीला येतात. मला हा नियम कधी जड गेला नाही, चिंगे. उलट फार सोयीचा वाटत आला. आज तेच सांगायला बसलोय.

विमानाची गोष्ट तुम्हाला डिझेलवाल्याकडून कळली. तो आमच्या जनरेटरचा मिस्त्री. बाळ दाखवायला म्हणून घरी आला आणि आईच्या पलंगाशी बसून म्हणाला, "काकू, हे पोर आधी काकांचं, मग माझं." तू मला हे तीनदा लिहिलंस. त्यानं सांगितलं ते सगळं खरं आहे. छोटं विमान सामान घेऊन आलं, परत जाताना त्यात एकच जागा होती. आईचं ऑपरेशन तोंडावर आलेलं, म्हणून आमच्या केंद्रप्रमुखांनी ती मला देऊ केली. मी म्हणालो, याची बायको आज-उद्यावर आली आहे, याला पाठवा. जेवणघरात टाळ्या वाजल्या. आचाऱ्यानं माझ्या ताटात न मागता दुसऱ्यांदा वाढलं, आणि तो माणूस सख्ख्या भावाला दुसऱ्यांदा वाढणार नाही.

त्यानं जे सांगितलं नाही, कारण त्यालाही ते ठाऊक नाही, ते असं. प्रमुखांनी जागा देऊ केली तेव्हा नाही म्हणायला मी कारण शोधू लागलो. डिझेलवाल्याची बायको आठवली तेव्हा ते मिळालं. मला त्याची कणव आली नव्हती. मला वाट सापडली होती.

वर मी प्रमुखांना असंही म्हणालो की या दिवसांत आपल्या डोक्यावरचा ओझोन सगळ्यात विरळ असतो, तो मोजायला सोडतो त्या फुग्यांची मालिका तुटली तर वर्ष वाया जाईल, आणि फुग्याखालचा पंप माझ्याशिवाय कुणाला जमत नाही. हा पंप बोटाएवढा असतो. वर जाता जाता तो हवा ओढून एका द्रावणातून बुडबुडे काढतो आणि द्रावणात उठणाऱ्या बारीकशा विजेवरून ओझोन किती ते कळतं. काम नाजूक आहे, हे खरं. पण जमत नाही हे खोटं. हवेवर संशोधन करणारी आमची एक मुलगी आहे, तिला सगळे फुगेवाली म्हणतात. तिला हे सगळं उत्तम येतं, कारण मीच शिकवलंय. मागच्या आठवड्यात मी तापानं पडलो होतो तेव्हा तिनं एकटीनं पंप जुळवून फुगा सोडला. नंतर मला सूप आणून दिलं आणि म्हणाली, "मास्तर, जमलं की! उगाच जीव टांगणीला लावलात." ती गेल्यावर चूक सापडते का म्हणून मी तिचा आलेख दोनदा पाहिला. सापडली नाही.

तू विसरली नसशील. मागच्या सुट्टीत आईला पहिल्यांदा केमोचं औषध चढवलं, तेव्हा मी वॉर्डात होतो असं आपण सगळ्यांना सांगतो. कुठे होतो? कोपऱ्यातल्या पलंगाचं चाक कुरकुरत होतं, ते बसवलं. मग पडद्याची सळई. मग गळक्या नळाचा वॉशर आणतो म्हणून बाहेर पडलो, तो वॉशर मिळाल्यावरही जिन्याखालच्या बाकावर बसून राहिलो. परत आलो तेव्हा तू आईचं डोकं मांडीवर घेऊन उलटीचं भांडं धरून बसली होतीस. तुझा हात अवघडला होता हे मला दारातूनच दिसलं. मी नळाकडे गेलो. नर्स म्हणाली, "किती कामसू आहेत तुमचे वडील." तू वर पाहिलं नाहीस. आणि सुट्टी संपत आली तेव्हा, औषधं अजून निम्म्यावर असताना, आई म्हणाली, "जा तुम्ही, तुमची यंत्रं खोळंबली असतील." टोमणा असता तर मी थांबलो असतो. तिनं मला खरोखर मोकळं केलं, आणि मी बॅग भरली.

रेडिओ उघडून बघत बघत मी शिकलो. पदवीवाल्यांच्या रांगेत कुणाच्या शिफारशीवाचून येऊन बसलो, आणि याचा मला माज आहे हे तूच तोंडावर सांगतेस. बिघाड असेल तिथे मला भीती वाटत नाही. पण तुझी आई बिघडलेली नाही, आजारी आहे. तिथे हात कुठे ठेवायचे ते मला कळत नाही. म्हणून मी लांबून विचारपूस करत राहिलो. ताप किती, वजन किती, जेवण किती. तू न चुकता आकडे पाठवत राहिलीस. इथे पेंग्विनांचे घेतो तसे मी ते घेत होतो.

आणि काल संगणकावर तुझं पत्र आलं. उत्तरेकडच्या बर्फावरच्या केंद्रात दोन वर्षं, तिथल्या हवेतल्या धुळीवर काम. लहानपणी कवडशातली धूळ पकडायला बरणी घेऊन घरभर फिरायचीस, त्या तुला दुसरं काय मिळायला हवं होतं? आणि तू म्हणतेस की महिनाअखेरीस नकार कळवणार. आईजवळ कुणीतरी हवं. "बाबानं जागा सोडली, मग मला का जमू नये?" हे वाक्य मी कालपासून पुन्हा पुन्हा वाचतोय. चिंगे, मी जागा सोडली नाही. मी माझी जागा राखली, जिथे कुणी मला हात धरून बसायला सांगत नाही. माझं पाहून तू तुझी सोडू नकोस. आज मी प्रमुखांकडे गेलो, पुढच्या विमानातली जागा मागितली आणि मागच्या वेळचं खरं कारणही सांगितलं. ते म्हणाले, "तयारीला लागा." तुझ्या निघण्याच्या आधी मी पोचतो. ऑपरेशन तू एकटीनं निभावलंस, आता आईची उरलेली औषधं माझ्याकडे. जमेलच असं छातीठोक सांगत नाही, म्हणून निघण्यापूर्वी मला दाखव. भांडं कसं धरतेस, कुशीवर कसं वळवतेस, ती रडायला लागली की काही बोलतेस की नुसती बसून राहतेस. आईला यातलं काही सांगू नकोस, ते मी तिच्यासमोर बसून सांगीन. नकार लिहून ठेवला असशील तर फाडून टाक. पाठवला असशील तर आजच्या आज दुसरं पत्र धाड, आणि विचार का बदलला असं त्यांनी विचारलं तर संकोच करू नकोस. त्यांना हे पत्र दाखव.

तुझाच, उशिरा का होईना निघालेला,
बाबा