कुलूपबंद बाळंतखोली

असार ११
त्या सकाळी म्हशीखालचं शेण काढलं, दोन घागरी पाणी आणलं, पिठाचा ढिंडो घाटायला घेतला. पीठ अजून कच्चंच होतं — फोन वाजला. कतारहून, ह्यांच्या खोलीतला सोबती. "वहिनी, जवळ कोणी आहे का?" आहे ना, म्हटलं, म्हैस आहे. आणि हसले! ते हसणं अजून बोचतं.
हे गेले होते. साथीमुळे विमानं बंद होती. त्यांना तिकडेच पुरलं. इथे नदीवर आम्ही गवताचा माणूस करून जाळला.
ढिंडो बुडाला लागला की तोच फोन आठवतो. आज परत लागला.

असार १९
नवऱ्यामागे वर्षभर बरखीचं सुतक पाळायचं. पांढरं नेसायचं, दुसऱ्याच्या हातचं खायचं नाही. बाळंतिणीला तर शिवायचंच नाही. शिवलं तर गेलेल्याची पुढची वाट अडते, असं सासूबाई म्हणतात. आणि मी गावची आरोग्य स्वयंसेविका! आम्हाला शिकवणाऱ्या संस्थेच्या रोशनी मॅडम काठमांडूहून फोनवर सांगतात, कुणाला शिवू नका, लांबून बोला. धर्माचं आणि साथीचं एकदाचं जमलं.
शेजारच्या मनसराचे दिवस भरत आलेत. मागच्या खेपेला तिचं रक्त थांबत नव्हतं. आरोग्य केंद्राच्या बाळंतखोलीत होती म्हणून वाचली.

असार २२
त्या खोलीला आता कुलूप आहे. वरून हुकूम आला — कोरोनाची खोली वेगळी हवी, नळ आणि संडास जोडून. अख्ख्या वॉर्डात तशी खोली एकच, परदेशी पैशातून बायकांसाठी बांधलेली. वॉर्डाध्यक्ष खडानंदांनी बाळंतपणाचं टेबल बाहेर काढलं, दोन खाटा टाकल्या, वर फोटो पाठवला. ताप आलेली माणसं आपापल्या गोठ्यात जाऊन झोपतात. खाटांवर अजून कुणी पाठ टेकलेली नाही. नर्स केंद्राच्या पडवीत बसून गोळ्या वाटते.
अध्यक्षांकडे किल्ली मागायला गेले. "वहिनी, उद्या रोगी आला तर कुठे निजवू? तुमच्या घरी?" रोगी येईल न येईल, म्हटलं, मनसरा तर येणारच आहे. बसलेले सगळे हसले. किल्ली नाहीच मिळाली.
मनसराची सासू टीकामाया म्हणते, मग घरीच होऊ दे, पडवीत बाळंत व्हायला माझी सून शेळी आहे का?

असार २६
फोनवर सभा होती. विषय — साथीच्या काळात बायकांचं आरोग्य आणि समानता. बाई हवी म्हणून मला बसवलेलं. एक परदेशी बाईही दिसत होत्या, रोशनी मॅडम त्यांचं बोलणं आम्हाला समजावत होत्या. तुमच्याकडे बायकांना काय अडचण आहे, असं विचारलं. मी तोंड उघडेपर्यंत अध्यक्षांनी फोन स्वतःकडे वळवला. सगळं ठीक आहे, म्हणाले. मग फोन माझ्याकडे — हात जोडा.
जोडले. त्याचीच चीड येतेय.

असार २९
खेचरांवरून औषधं आली म्हणे. बघते तर सगळे मास्क. रक्त थांबवायच्या गोळ्या नाहीतच. घरात मन लागत नाही, नुसती आत-बाहेर करतेय.

साउन २
मनसरा बाळंत झाली. घरीच.
मी उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगत होते, टीकामाया आत करत होती. मुलगी झाली, रडली. वार पडली. पण रक्त थांबेना. पोट चोळा, जोर लावा, मी ओरडतेय — टीकामायाच्या हातात बळच राहिलं नव्हतं. मनसराचे ओठ पांढरे पडत चालले.
"काकी," ती म्हणाली, "तुम्ही लांबूनच बघणार का?"
आत गेले. पोटाचा गोळा हाताखाली दगडासारखा घट्ट होईपर्यंत चोळत राहिले. पोरीला छातीला लावलं. रक्त मंदावलं. मग डोलीत घालून केंद्रावर नेली. नर्सने पडवीतच सलाईन लावलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. जगली.
घरी आले तर सासूबाई दाराकडे तोंड करून बसलेल्या. माझ्या लुगड्यावरचं रक्त बघितलं.
"माझ्या पोराची वाट अडवलीस," एवढंच म्हणाल्या. शिव्या घातल्या असत्या तर सोसवलं असतं.
खरंच वाट अडली का, ह्यांना विचारावंसं वाटतं. कुठे विचारू?

साउन ३
सकाळीच जाऊन दगडाने कुलूप तोडलं. खाटा अंगणात काढल्या, टेबल आत घेतलं, मनसराला आणि पोरीला पडवीतून आत आणलं. आम्हाला बाहेर काढायला अध्यक्ष माणसं घेऊन आले. आत ओली बाळंतीण म्हटल्यावर विटाळाच्या भीतीने एकही जण उंबरा ओलांडेना. मी आतच बसून राहिले.