कुऱ्हाडीने उडवलेली खूण

पोव्वा दे वार्झिम,
१२ नोव्हेंबर २०१६

झेफेरिनो,

तू खुशाल असशीलच. फ्रान्समध्ये गवंड्याला कामाची वानवा नाही म्हणतात. इकडे समुद्र खवळलाय, एकही होडी बाहेर नाही. आईचं मागाहून लिहिते.

आधी आपल्या धाकट्या अल्बानोचं. त्याचे पाय बधिर पडले तेव्हा डॉक्टरांच्या आधी किनाऱ्याने निदान केलं: पावलांचा रोग. आपल्याकडे पायाला मुंग्या आल्या तरी लोक खापरपणजोबांपर्यंत उकरत जातात. हा रोग रक्तातून येतो, आणि आईच्या, बाबांच्या दोन्ही घराण्यांत तो नाही. जाळी विणणाऱ्या लाउरिंदोच्या घरात मात्र पिढ्यान् पिढ्या आहे, आणि बाबा बुडाले त्याच्या कितीतरी आधीपासून त्याचं आपल्याकडे येणंजाणं. झालं! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

बाजारातल्या बाया बोलणारच. पण तू? होडीवर, दारावर, थडग्यावर कोरायची बाबांची खूण रिवाजाप्रमाणे धाकट्याला जशीच्या तशी मिळाली आणि तुला, थोरल्याला, वर एक रेघ जोडून. ते तुला लहानपणापासून सलत होतं. "रांडेच्या पोराला माझ्या बापाची खूण?" म्हणत अल्बानोच्या होडीवरून ती कुऱ्हाडीने उडवलीस. लाउरिंदो आडवा आला, त्याचा डोळा फोडलास. आई तुझ्या हाताला लोंबकळली, तर दांडा तिच्या जबड्यावर हाणलास. वाळूत पडलेले तिचे दात मी वेचले. तोवर तू पळाला होतास.

आता ऐक. अल्बानोला औषध लागू पडेना, म्हणून पोर्तोच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पोटातली चिमूटभर चरबी काढली. तिच्यात साचलेल्या प्रथिनाचे तुकडे केले आणि यंत्रात एकेका तुकड्याचं वजन केलं. वजनावरून म्हणे प्रथिनाची जात कळते.

"तुमच्या गावाने नाव आधी ठेवलं, तपासलं कुणीच नाही," बाई म्हणाल्या. "हे पावलांच्या रोगाचं प्रथिन नव्हेच. हे हाडांच्या मज्जेतून येतं. ना आईकडून, ना बापाकडून. कुणालाही होतं."

इतके दिवस भलतंच औषध गिळलं बिचाऱ्याने. आता योग्य ते चालू आहे. केस गेलेत, डोक्यावर बाबांची टोपी घालून बसतो.

मी घरी येऊन आईला सांगितलं. जबडा वाकडाच जुळला होता, ती सूप पीत होती. म्हणाली, "अगं, मला ठाऊकच होतं की! मला विचारायचं सोडून यंत्राला कशाला विचारलंत?" आणि इतकी हसली की सूप अंगावर सांडलं.

ती गेल्या रविवारी गेली. तुला फोन मीच करू दिला नाही. खांदा द्यायला आला असतास तर मासे कापायचा सुरा तुझ्या पोटात घातला असता, देवाशपथ. तुझ्या जागी लाउरिंदोने खांदा दिला.

जाताना म्हणाली, "झेफेरिनोला कळव, अल्बानो त्याच्या बापाचाच आहे. आणि माझ्या थडग्यावर झेफेरिनोचीही रेघ कोरा. तोही माझाच." अल्बानोने बाबांची खूण कोरली, शेजारी तुझी रेघही.

काल मी एकटीच गेले आणि ती रेघ छिन्नीने उडवली. हात अगदी तुझ्यासारखा चालला.

तुझी सख्खी बहीण,
देओलिंदा