टाकीभोवतीचं गाव

मंगफ, शुक्रवार, ८ ऑगस्ट

ईशा कॉलेजसाठी अमेरिकेतल्या ज्या गावी चालली आहे, त्याचा इतिहास दुपारी वाचला आणि धसकाच घेतला. गाव कसलं! कोळशाच्या इंजिनाला पाणी लागायचं, म्हणून रेल्वेवाल्यांनी उघड्या माळावर टाकी उभारली, एवढंच. टाकी, रूळ आणि एक स्टेशनमास्तर. माझी लेक तिथे एकटी?

मग पुढचं वाचलं. गाडी पाणी भरायला थांबली की स्टेशनमास्तरची बायको उतारूंना जेवू घालायची. काही जण जेवले आणि राहिलेच. मागून दुकान आलं, धान्याचं कोठार आलं, शाळा आली.

तेव्हापासून ती टाकी डोक्यातून जात नाही. आम्ही इथे आखातात, मंगफला आलो तेव्हा माझ्यासाठी तरी काय होतं? ह्यांची कंपनी, ऊन आणि बंद खिडक्या. पहिल्याच शुक्रवारी वरच्या मजल्यावरच्या परकारभाभींनी जेवायला बोलावलं नसतं, तर मी परतच गेले असते. मग आम्हीही तेच धरलं. बिल्डिंगमध्ये नवं कुटुंब आलं की पहिला शुक्रवार आपल्याकडे.

ईशाला हे सगळं वाचून दाखवलं. मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "ओके, आई." झालं! मी चिडून भांडी घासायला गेले.

आत्ता तिची बॅग उघडली. वजन होईल म्हणून मी एकच ताट ठेवलं होतं. आता चार आहेत, आणि माझी लोणच्याची बरणी बाहेर.

"एवढी ताटं कशाला गं?"

एरवी इंग्रजीतच उत्तर देणारी पोरगी चक्क मराठीत म्हणाली, "शुक्रवारी कुणी आलं तर?"